मागचं बसलं, पुढचं उठलं

मुलाच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एक पांढरा पिकअप उभा असतो. डेट्रॉइटच्या उत्तरेची ही वस्ती. पिकअप नसलेलं दार इथे शोधावं लागतं. जूनमधल्या एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्या पिकअपला नवा कॅम्पर जोडला. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घरच. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं. ट्रेलरची मान पिकअपच्या मागच्या गोळ्यावर टेकली, जॅकचा दांडा फिरत गेला, आणि पिकअप मागून हळूहळू खाली बसत गेला. कुत्रं बसतं तसा. शेपूट जमिनीकडे, नाक आभाळाकडे.

मी खिडकीतून बघत होतो. तोंडातून निघून गेलं, "उलाळ झाली की!"

मुलाला शब्द ठाऊक नव्हता. त्याचा दोष नाही, त्याने बैलगाडी लांबूनच पाहिलेली. गाडीत ओझं आसाच्या मागे जास्त झालं की पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, त्यांच्या गळ्यातले पट्टे आवळतात, बैल पाय रोवून उभे राहतात. तेव्हा म्हणायचं, गाडी उलाळ झाली. आमच्या मिरज-सांगलीकडे कारखान्याला ऊस घालणारे गाडीवान मोळ्या रचताना हेच बघत असतात: भार किंचित पुढे हवा, बैलांच्या मानेला गाडी 'लागली' पाहिजे, पण मान मोडायला नको. किती किंचित, ते त्यांचा हात सांगतो.

अमेरिकेत हेच प्रमाण आकड्यात सांगतात. गोळ्यावर टेकणाऱ्या ट्रेलरच्या एकूण वजनातले शेकडा दहा ते पंधरा गोळ्यावर यायला हवेत. त्याहून कमी आले तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि एका ठराविक वेगापुढे हे डुलणं आपोआप थांबत नाही, प्रत्येक झोक्याला वाढतच जातं. म्हणजे मानेवरचा हा भार ही चैन किंवा चूक नव्हे, ती गरज आहे. गंमत पुढे आहे.

शेजाऱ्यांचा कॅम्पर भरून २७०० किलोचा. गोळ्यावर आले ३४० किलो. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.७ मीटर, आणि गोळा मागच्या आसाच्याही दीड मीटर मागे. पहारीने धोंडा हलवलेल्या कुणालाही पुढचा हिशेब कळेल. मागचा आस हा टेकू झाला. गोळ्यावर ३४० किलोंनी दाबलं, की टेकूच्या पलीकडचं टोक उचललं जाणार: ३४० गुणिले दीड भागिले ३.७, म्हणजे जवळजवळ १४० किलो. एवढं ओझं पुढच्या चाकांवरून नाहीसं झालं. ते जाणार कुठे? मागच्या आसावर. तिथे आता ३४० नव्हे, ३४० अधिक १४० म्हणजे ४८० किलो जादा बसले. गाडीवर ठेवले ३४०, मागच्या चाकांनी मोजले ४८०! मी हा हिशेब कागदावर दोनदा केला, आकडा पाठ असूनही. प्रत्येक वेळी वाटतं, मधले १४० किलो कुणीतरी हवेतून आणले.

शेजाऱ्यांनी टेप लावून मोजलं. मागचं मडगार्ड ७ सेंटीमीटर खाली, पुढचं अडीच सेंटीमीटर वर. त्यांना दिसलं ते मागचं ७. मला काळजी वाटली ती पुढच्या अडीचची. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, ब्रेकचं बरंचसं काम पुढच्या चाकांवर, आणि तीच चाकं हलकी झालेली. भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढून उचलताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

रात्री दहाला ते कुठूनसे परत आले तेव्हा हेडलाइटचा झोत आमच्या वरच्या मजल्याच्या पडद्यावर पडला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची उलाळ आली."

*

दुसऱ्या दिवशी शेजारी स्वतःच विचारायला आले. मागे काय बसवू? बाजारात डझनभर उपाय आहेत आणि प्रत्येकाचा विक्रेता छातीवर हात ठेवून बोलतो. मी काही इंजिनिअर नाही. पण लहानपणी आमच्या घरासमोर एका पाटेवाल्याचं दुकान होतं. दिवसभर ऐरणीवर घण पडायचा, तुटलेले कमानपाटे उतरायचे, नवे चढायचे, 'एक पाटा वाढवून दे' अशी घासाघीस चालायची. तिथे बसून जे डोक्यात गेलं त्याचा अर्थ कळायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

पाटे एकावर एक का असतात? एकच जाड पट्टी का नाही? शंभर पानी वही घ्या आणि वाकवा. सहज वाकते, आणि कडेला पानं एकमेकांवरून सरकून पायऱ्या होतात. आता त्याच वहीची सगळी पानं खळीने चिकटवली अशी कल्पना करा. लाकडाची फळी झाली. कागद तेवढाच, जाडी तेवढीच, फरक फक्त सरकण्याचा. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट. पण तेवढ्याच जाडीच्या दोन सुट्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर फक्त दुप्पट. जाड पट्टीचा दुसरा दोष असा की ती थोडी वाकली तरी तिच्या वरच्या-खालच्या कातडीवर ताण फार येतो आणि तिथूनच तडा जातो. पातळ पाटे भरपूर वाकतात, ओझं वाटून घेतात, आणि सरकताना एकमेकांवर घासून उडीही थोडी जिरवतात. त्या घासण्यातून शॉकअपचं अर्धंमुर्धं काम फुकट. घोडागाडीच्या काळातल्या लोहाराने हे समीकरणाशिवाय ओळखलं होतं.

स्प्रिंगचं समीकरण निघालं तेही लपूनछपून. रॉबर्ट हूकने १६७६ साली स्प्रिंगचा नियम छापला तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा, म्हणजे शोध आपला ठरावा पण कुणाला कळू नये. उत्तर १६७८ मध्ये दिलं: जेवढा ताण, तेवढं बळ. ओझं दुप्पट तर बसणं दुप्पट.

त्यातून एक अशी गोष्ट निघते की मला ती आजही जादूची वाटते. गाडी किती वेगाने वरखाली डुलेल, हे तिच्या वजनावरून वेगळं, स्प्रिंगवरून वेगळं काढावं लागत नाही. ओझ्याने स्प्रिंग किती दबली एवढंच मोजा. २५ सेंटीमीटर दबली असेल तर डुलणं सेकंदाला एकदा. सव्वासहा सेंटीमीटर दबली असेल तर सेकंदाला दोनदा. मग गाडी हातगाडी असो की रेल्वेचा डबा. सेकंदाला एक-सव्वा वेळचं डुलणं आपल्याला सुखाचं वाटतं. दोनच्या वर गेलं की हाडं हलतात.

आता गावाकडचा भाजीचा पिकअप आठवा. सव्वा-दीड टन माल घेऊन पहाटे मार्केट यार्डात जाणारा, आणि दुपारी रिकामा परतताना प्रत्येक खड्ड्यात मागून उडणारा. त्याचे पाटे भरल्या गाडीसाठी बांधले आहेत. रिकामा असताना ते जेमतेम दबतात, म्हणून दणके. शेजाऱ्यांचा अमेरिकी पिकअप याच्या उलट. लांबीला आमच्या गावच्या पिकअपहून मोठा, ताकदीला कितीतरी पट, नाव 'हाफ-टन', पण वर्षातले तीनशे दिवस एकटा माणूस त्यात बसून ऑफिसला जातो. कंपनीने पाटे त्याच्या पाठीच्या सोयीने बांधले. २००९ पासून रॅम १५०० ने आणि २०२२ पासून टोयोटाच्या टुंड्राने तर मागचे पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगच घातल्या. तेव्हा कॅम्पर लावल्यावर मागचं बसलं, यात गाडी बिघडलेली नाही. ती रोजच्या कामाला सुखाची आहे, एवढंच.

आणि बसण्यापेक्षाही वाईट ते डुलणं. इथे एका इंग्रज इंजिनिअरची गोष्ट सांगायलाच हवी. मॉरिस ऑली रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे आला, आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने एका लांबलचक लिमोझिनच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली. वजनं हलवायची, स्प्रिंगा बदलायच्या, रस्त्यावर न्यायची आणि स्वतः आत बसायचं. कुठलं यंत्र नाही, मोजणारं उपकरण म्हणजे स्वतःचं अंग. त्याला सापडलं असं: उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागचा भाग पुढच्यापेक्षा किंचित जलद डुलला, तर तो उशिरा निघूनही पुढच्याला गाठतो, आणि एका झोक्यानंतर दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. गाडी मान डोलवत नाही. म्हणून मोटारींत मागचं डुलणं थोडं जलद ठेवायची रीत पडली. आता या जुळवलेल्या तालावर मागून ४८० किलो टाका आणि पुढून १४० काढा. मागचा ताल मंदावला, पुढचा वाढला, ऑलीचा सगळा हिशेब उलटा. पुलाच्या प्रत्येक जोडावर गाडी होकार देत राहते. शेजारीणबाईंनी याला 'जहाजात बसल्यासारखं' म्हटलं होतं. पोट बरोबर बोलतं.

*

शेजाऱ्यांनी शेवटी हवेचे फुगे बसवले. तो त्यांचा स्वतःचा निर्णय. मी एक पाटा वाढवायच्या बाजूचा होतो, सवयीने. पण वाढवलेला पाटा वर्षभर राहतो, रिकाम्या गाडीतही. फुग्यात कॅम्पर काढल्यावर हवा सोडता येते. हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. रबराचे पोकळ ठोकळेही मिळतात, आस वर आला तरच त्याला टेकणारे, हवा भरायची कटकट नसलेले; ज्याला विसरायची सवय आहे त्याने तेच घ्यावेत.

फुगे बसवताना मी शेजारी स्टूल टाकून बसलो. पाट्यांच्या वर, आस आणि चासी यांच्यामध्ये, जाड रबराचे दोन डमरू. प्रत्येकाला एक बारीक नळी, नळी मागे नंबरप्लेटजवळच्या वॉल्व्हपर्यंत. मुलगा म्हणाला, दोन्ही नळ्या एकाच वॉल्व्हला जोडल्या तर एकदाच हवा भरावी लागेल. सोपं वाटतं, पण करू नये. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्या बाजूचा फुगा दबतो, आणि जोडलेली नळी असेल तर त्यातली हवा गुपचूप आतल्या फुग्यात जाते. म्हणजे ज्याने थोपवायचं तोच माघार घेतो. दोन नळ्या, दोन वॉल्व्ह. आणि गाडी रिकामी असली तरी फुग्यात पाच-दहा पौंड हवा ठेवायचीच, नाहीतर रबर घडीत चिमटून फाटतं.

हवेचा खरा चमत्कार वेगळा आहे. पोलादी स्प्रिंगला ताठरपणा एकदाच मिळतो, जन्मतः. ओझं वाढलं की तिचा ताल मंदावणारच. हवेचं तसं नाही. ओझं दुप्पट झालं आणि गाडी पुन्हा त्याच उंचीवर आणायला दाब दुप्पट केला, की फुग्याचा ताठरपणाही जवळजवळ दुप्पट होतो. दोन्ही बरोबरीने वाढले, म्हणजे ताल तोच राहिला! दादर-पुणे शिवनेरीत तुम्ही चार प्रवाशांसह बसा की भरल्या बसमध्ये बसा, घाटातला तो संथ झोका सारखाच लागतो, त्यामागे हेच आहे. त्या बसखाली पाटे नाहीत, हवा आहे. पिकअपमध्ये पाटे आणि हवा दोघं वाटून ओझं घेतात, त्यामुळे चमत्कार अर्धाच मिळतो. अर्धाही पुष्कळ.

शेजाऱ्यांनी ५० पौंड हवा भरली. फुस्स, फुस्स करत मागचा भाग उठला. टेप लावली: पुढचं-मागचं समतल, जणू कॅम्पर नाहीच. ते हसले, मला बिअर देऊ केली, मी चहा घेतला. त्याच संध्याकाळी ते दोन मैल फिरवून आले आणि जरा गप्प होते. म्हणाले, मागचं छान झालं, पण स्टिअरिंग अजून कापसासारखं लागतं.

इथे मला आमच्या पाटेवाल्याचं बोलणं आठवलं. ओव्हरलोडवाला कुणी म्हणाला, पाटे वाढवले, आता गाडीचं काही नाही, की तो विचारायचा, "पाटे वाढवले, पण ओझं कुठं गेलं?"

*

हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर इथे सार्वजनिक वजनकाटे असतात. फरशा लांबच लांब, तीन तुकड्यांत: पुढचा आस एका फरशीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या. थोड्या डॉलरांत तिन्हींची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. मोठे ट्रकवाले तिथे रोजचे गिऱ्हाईक. आमच्यासारखे पिकअपवाले सुट्टीच्या आधी येतात, थोडे ओशाळून.

आम्ही रविवारी सकाळी गेलो, गाडी सहलीला निघाल्यासारखी भरून, चारही माणसं आत. मी आणि मुलगा मागून त्याच्या गाडीत. आधी ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपची चिठ्ठी घेतली. मग ट्रेलर जोडून, फुग्यांत दहा पौंड हवा, मागचं बसलेलं: पुढचा आस १४० किलोंनी हलका. मग शेजाऱ्यांनी खिशातून छोटा कॉम्प्रेसर काढावा तशा ऐटीत हवा ५० वर नेली. गाडी समतल. चिठ्ठी आली. पुढचा आस: १४० किलोंनी हलका.

तोच आकडा. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागे खरा आकडा असेल.

तराजूच्या दांडीखाली मऊ उशी ठेवा की टणक वीट, दोन्ही पारड्यांचं वजन बदलत नाही. ओझं कुठल्या चाकावर किती, हे ते कुठे टेकलं आहे यावर ठरतं. त्याखाली पोलाद आहे, रबर आहे की हवा, हे त्या हिशेबात येतच नाही. फुग्याने गाडीची मान खाली आणली. मानेवरचा भार परत आणला नाही. हेडलाइट रस्त्यावर आले, बसकण गेली, जोडावरचं डोलणं कमी झालं, हे खरं आहे आणि मोलाचंही. पण पुढच्या टायरला त्यातलं काहीच कळलेलं नाही.

भार परत आणायचं हत्यार स्प्रिंगच आहे, पण गाडीखालची नव्हे. हिचच्या, म्हणजे गोळ्याच्या जोडणीच्या, दोन्ही बाजूंना दोन लांब पोलादी दांडे, ट्रेलरच्या मानेखालून मागे जाणारे, आणि त्यांची टोकं साखळीने वर ओढून बांधायची. ढकलगाडीची मूठ उचलल्यासारखं. मूठ वर उचलली की मागचा भाग उचलतो आणि पुढच्या चाकावर दाब येतो. शेजाऱ्यांकडे हे दांडे होते, विक्रेत्याने कॅम्परबरोबर दिलेले. गॅरेजमध्ये पडून होते, कारण फुग्यांनी 'काम झालं' होतं. ते आम्ही सोबत आणले होते.

फुगे पुन्हा दहावर. साखळीच्या कड्या मोजत दांडे ताणले. चौथी चिठ्ठी: पुढच्या आसावर ७० किलो परत आले. मागच्या आसावरून ११० उतरले. मधले ४० ट्रेलरच्या चाकांनी स्वतःकडे घेतले. शेजारी आणखी एक कडी ओढायला निघाले, सगळे १४० परत आणू म्हणून. मी हात धरला. गेल्यातला अर्धा भार परत आणा, अशा सूचना काही कंपन्यांच्या पुस्तिकांतच असतात. फार ओढलं तर मागची चाकं हलकी पडतात, आणि ओल्या वळणावर मागची चाकं घसरणं हे पुढच्या घसरण्याहून वाईट. ४८० ऐवजी ३७० झाले होते. आता मागे थोडी बसकण उरली, ती काढायला पंधरा पौंड हवा पुरली. ५० नव्हे, १५. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो: आधी काट्यावर भार जमवायचा, मग हवा. उलट केलं की गाडी सरळ दिसते आणि डोळा तिथेच थांबतो.

शॉकअप बदलायचे का, हे त्यांनी विचारलं. शॉकअप ओझं उचलत नाही, तो फक्त उडी जिरवतो. पण वरची स्प्रिंग ताठ केली की उसळीही जोराची होते, जुना शॉकअप तिला पुरत नाही. त्यांचे एक लाख मैल झालेले होते. बदला म्हणालो.

मग राहिला दाराच्या खांबावरचा स्टिकर. जाहिरातीत पिकअप किती ओढतो तो आकडा भला मोठा असतो, आणि खोटाही नसतो. तो ठरवायच्या चाचणीत अॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांब चढ एसी पूर्ण चालू ठेवून, उन्हाळी उकाड्यात, ठराविक वेगाखाली न जाता चढावा लागतो. इंजिन तिथे पास झालेलं असतं. पण दाराच्या खांबावर एक पिवळी पट्टी असते आणि तिच्यावर छोटा आकडा असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवर ७००. फुगे लावले, पाटे वाढवले, शॉकअप बदलले, तरी तो आकडा हलत नाही, कारण तो टायरचा, रिमचा, आसाच्या बेअरिंगचा आणि ब्रेकचाही आहे.

आम्ही काट्याच्या कडेला, चिठ्ठ्या बॉनेटवर पसरून बेरीज केली. ट्रेलरचे आता ३००, हिचचं लोखंड ४०, चार माणसं २४०, हौद्यातलं सामान १७०. एकूण ७५०.

शेजारी बराच वेळ हौद्याकडे बघत राहिले. सरपण, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, कुत्र्याचा पिंजरा, आणि ५० किलोंचा जनरेटर. मग त्यांनी मुलाला विचारलं, तुमच्या डिकीत जागा आहे का.